वॉशिंग्टन : एका खेड्याचे नाव आडनाव कसे झाले

जुनीवाट (धागालेखक)

इंग्लंडच्या ईशान्येला, वेअर नदीच्या उत्तरेस, वॉशिंग्टन नावाचे एक जुने गाव आहे. पूर्वी ते डरहॅम परगण्यात होते. १९७४ पासून ते सन्डरलंडच्या हद्दीत मोडते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष, त्या देशाची राजधानी, पश्चिम किनाऱ्यावरचे एक राज्य आणि आज हे आडनाव लावणारी लाखाहून अधिक माणसे, या सर्वांच्या नावाचा माग काढत गेले की आपण या गावाच्या वेशीवर येऊन पोहोचतो. गावावरून पडलेली इंग्रजी आडनावे हजारोंनी आहेत. परंतु ज्याचा प्रवास कागदोपत्री इतका लांबवर दाखवता येतो, अशी फार थोडी आहेत. म्हणून हा धागा.

आडनावांवर लिहिताना आपण बहुधा अर्थ सांगून थांबतो. मला मात्र अर्थापेक्षा ते नाव माणसाला कोणत्या व्यवहारातून चिकटले, हे पाहणे अधिक मोलाचे वाटते, आणि वॉशिंग्टनच्या बाबतीत तो व्यवहार आपल्यासमोर लेखी स्वरूपात आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा तिथल्या सामान्य माणसाला वंशपरंपरागत आडनाव नव्हते. एक नाव आणि गरज पडल्यास बापाचे नाव, धंदा किंवा एखादी खूण एवढ्यावर काम भागत असे. नव्या सरदारांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या नावापुढे ‘दे’ हा फ्रेंच शब्द व त्यानंतर गावाचे नाव येऊ लागले. हा ‘दे’ म्हणजे आपला ‘चा’ किंवा ‘कर’ समजावा. जमीन मुलाकडे जाई, म्हणून तिच्याबरोबर नावही जाई. सरदारांची नावे अशी लवकर स्थिर झाली. सामान्य कुळांपर्यंत ही पद्धत पोहोचून रुजायला चौदावे शतक संपत आले.

आता मूळ नोंदीकडे येतो. १०८६ साली राजाने साऱ्या देशाच्या जमिनींची जी प्रसिद्ध पाहणी करविली, तिच्यात डरहॅमचा समावेश नव्हता. तिथला बिशप हा धर्मगुरू तर होताच, शिवाय त्याच्याकडे जवळजवळ राजासारखे अधिकार होते. ह्यू दु प्युइसे या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची स्वतंत्र पाहणी करून घेतली, ती ‘बोल्डन बुक’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील एका नोंदीचा आशय असा : विल्यम दे हर्टबर्न याच्याकडे वेसिंग्टन हे गाव आहे, मात्र चर्च आणि चर्चची जमीन वगळून, हे गाव त्याला हर्टबर्नच्या बदल्यात मिळाले असून हर्टबर्नवरचा हक्क त्याने सोडला आहे, तो वर्षाला ४ पौंड देतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन जातो.

या नोंदीत मला जे दिसते, ते थोडे विस्ताराने मांडतो. विल्यमला आधीच एक गावाचे आडनाव होते. तो ‘हर्टबर्नचा’ होता, कारण हर्टबर्न त्याचे होते. गावांची अदलाबदल झाली, आणि त्याचे घराणे ‘वेसिंग्टनचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. बाराव्या शतकाच्या अखेरीस गावाचे आडनाव हे रक्ताची खूण नव्हते, ते मालकी हक्काचे निदर्शक होते. जमीन बदलली की तेही बदलत असे. आडनाव म्हणजे कुळाची अनादी ओळख, असे आपण गृहीत धरतो. या घराण्यापुरते तरी ते गृहीतक इथे टिकत नाही. पुढे काळाच्या ओघात ‘दे’ गळून पडला, आणि नाव इतके घट्ट बसले की जमीन हातची गेली तरी ते सुटले नाही.

जमीन खरोखरच हातची गेली. थोरल्या शाखेत मुलगा उरला नाही आणि गाव मुलीच्या वंशाकडे गेले. अखेर १६१३ मध्ये ती मालमत्ता पुन्हा डरहॅमच्या बिशपकडेच आली. परंतु धाकट्या शाखा त्याआधीच बाहेर पडल्या होत्या आणि जाताना त्यांनी गावाचे नाव बरोबर नेले होते. एक शाखा लँकशायरमधील वॉर्टन येथे स्थिरावली. तिथून निघालेला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात पुढे आला, १५३२ आणि १५४५ मध्ये नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला, आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्ह येथील मठाची जमीन राजाकडून सुमारे ३२४ पौंडांना विकत घेतली. त्याने तिथे बांधलेले घर आजही उभे आहे.

त्याच वंशातील आणखी एक लॉरेन्स एसेक्समधील पर्ली गावाचा धर्मोपदेशक होता. यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी राजनिष्ठ म्हणून त्याला पदावरून काढले. तो दारूच्या गुत्त्यात बसतो असाही आरोप त्याच्यावर ठेवला गेला. घराची स्थिती खालावली. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातील एका जहाजावर चढला. १६५७ च्या सुरुवातीला ते जहाज परतीच्या वाटेवर पोटोमॅक नदीत गाळात रुतले, आणि जॉन व्हर्जिनियातच राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन हा या जॉनचा पणतू. त्याचा जन्म १७३२ चा, म्हणजे बोल्डन बुकमधील त्या नोंदीनंतर जवळजवळ साडेपाचशे वर्षांनी.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इंग्लंडच्या कुलचिन्ह विभागाच्या प्रमुखाने अध्यक्षांकडे वंशावळीची विचारणा केली, तेव्हा १७९२ मध्ये त्यांनी जे माहीत होते ते कळवले, पण या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले आहे, असेही प्रांजळपणे लिहिले. ज्या नावाने त्याच सुमारास एक राजधानी उभी राहत होती, त्या नावाचे मूळ गाव खुद्द त्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे उरले नव्हते.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल आणि अमेरिकेतील पुढच्या प्रवासाबद्दल जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

शब्दमूळ

लेख फार आवडला. व्युत्पत्तीचा भाग मी पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

या नावाचे तीन तुकडे पडतात. पहिला ‘वस्सा’, हे जुन्या इंग्रजीतील एका पुरुषाचे नाव. दुसरा ‘इंग’, म्हणजे त्या पुरुषाशी संबंधित लोक, त्याची माणसे. तिसरा ‘टून’. एकत्र अर्थ होतो ‘वस्साच्या माणसांची वस्ती’. गावाचा धुण्याशी संबंध जोडणाऱ्या कथा सांगितल्या जातात, पण त्या नावाचे आजचे रूप पाहून मागाहून रचलेल्या आहेत. जुन्या नोंदींत ‘श’ नसून ‘स’ आहे, आणि एवढ्यावरच त्या कथा निकालात निघतात.

‘टून’ या शब्दावर मात्र थांबायला हवे. त्याचा मूळ अर्थ कुंपण. जर्मन भाषेत त्याच कुळातील ‘त्साउन’ हा शब्द आजही कुंपणासाठीच वापरतात. इंग्रजीत कुंपणावरून कुंपणाने वेढलेले शेतघर, त्यावरून वाडी, त्यावरून खेडे आणि शेवटी शहर, असा अर्थ वाढत गेला. आपल्या ‘वाडी’ आणि ‘वाडा’ या शब्दांकडे पाहा : संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, आणि तिथूनच आपली वाडी आली. दोन भाषांचा याबाबतीत परस्परांशी संबंध आलेला नाही, तरीही कुंपणापासून वस्तीपर्यंतची वाट दोघींनी सारखीच चालून काढली आहे. ‘वॉशिंग्टन’चे मराठीत रूप करायचे झाले तर ‘वस्साची वाडी’ हे अगदी सरळ रूप होईल.

या ‘टून’चाच ‘टन’ होऊन न्यूटन म्हणजे नवी वाडी, सटन म्हणजे दक्षिणेकडची वाडी, नॉर्टन म्हणजे उत्तरेकडची वाडी, अशी नावे झाली. मात्र अशा आडनावांवरून मूळ गाव ठरवणे दुरापास्त आहे, कारण सटन नावाची गावे इंग्लंडभर विखुरलेली आहेत. वडगावकर म्हटल्यावर नेमके कोणते वडगाव, हा प्रश्न आपल्यालाही पडतोच. वॉशिंग्टनचे तसे नाही. या नावाचे दुसरे एक खेडे दक्षिणेत ससेक्समध्ये आहे आणि दहाव्या शतकातील दानपत्रात त्याचे नाव आढळते. पण अध्यक्षांच्या घराण्याचा धागा डरहॅमकडेच जातो, आणि तो निव्वळ नावसाधर्म्यावर आधारलेला नसून जमिनीच्या नोंदींवर आधारलेला आहे.

आपल्या एका विधानाला थोडी पुरवणी जोडतो. गावाचे आडनाव दोन रीतींनी पडत असे. जो गावाचा धनी होता, त्याला ते गावात राहत असतानाच मिळे. जो साधा माणूस होता, त्याला ते गाव सोडल्यावर मिळे. कारण गावात सगळेच त्या गावचे, तिथे या नावाने कोणाची ओळख पटणार नाही. परक्या ठिकाणी गेल्यावर शेजारी विचारतात, हा कुठला? आणि उत्तर तेच आडनाव होते. कष्टकऱ्यांच्या आडनावांचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे गावाच्या आतल्या जागेवरून पडलेली नावे : ‘अ‍ॅट वुड’ म्हणजे रानाशी राहणारा, त्याचा अ‍ॅटवुड झाला, ‘अ‍ॅटन अ‍ॅश’ म्हणजे अ‍ॅश वृक्षापाशी राहणारा, त्यातला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटून नॅश झाला. मला ही नावे सरदारांच्या नावांपेक्षा अधिक जिव्हाळ्याची वाटतात, कारण त्यांत मालकी नाही, नुसते राहणे आहे.

उत्तरवारा

मी न्यूकॅसलजवळ राहते आणि वॉशिंग्टन माझ्या घरापासून फार दूर नाही, म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले लिहिते.

पहिल्यांदा गेले तेव्हा मनाचा थोडा गोंधळ झाला. १९६४ मध्ये हे ठिकाण नवे नगर म्हणून घोषित झाले, त्यामुळे आपण आधी रुंद रस्ते, गोल चौक आणि आखीव वसाहती ओलांडत जातो. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. एका खाणीचे यंत्रघर जपून ठेवलेले आहे. मग अचानक झाडी येते, जुने दगडी गाव येते, आणि एका टेकाडाच्या पायथ्याशी ‘ओल्ड हॉल’ नावाचे वालुकाश्माचे घर दिसते. घराचा बराचसा भाग सतराव्या शतकातील, म्हणजे हे घराणे निघून गेल्यानंतरचा आहे. परंतु स्वयंपाकघर आणि मोठे दालन यांच्या मधल्या भिंतीतल्या दगडी कमानी मध्ययुगीन आहेत. त्या कमानीच्या दगडावर मी हात ठेवला. दगड खरबरीत होता आणि उन्हाळ्यातही थंडगार होता. विल्यमच्या वंशजांची ये-जा या दगडांजवळून झाली असेल, एवढा विचार मनात आला आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

मूळ लेखात ‘चर्च वगळून’ असे शब्द आले आहेत. ते चर्च शेजारच्या टेकाडावरच आहे. आजची इमारत एकोणिसाव्या शतकातील असली तरी जागा जुनीच, आणि घराच्या अंगणातून मान वर केली की ती दिसते. सव्वाआठशे वर्षांपूर्वीच्या नोंदीतील एक अट अशी डोळ्यांनी पाहता येते, याचे मला फार अप्रूप वाटले.

हे घर आपल्याला पाहायला मिळते आहे, यामागे गावकऱ्यांची मेहनत आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या वेगवेगळ्या खोल्या अनेक कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या, १९३३ मध्ये ते राहण्यास अयोग्य ठरले, आणि पाडण्याची वेळ आली तेव्हा १९३६ मध्ये फ्रेड हिल या स्थानिक शिक्षकाने लोकांना एकत्र करून ते वाचवले. महायुद्धामुळे काम रखडले; १९५५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९५७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. दर वर्षी ४ जुलैला तिथे समारंभपूर्वक अमेरिकेचा ध्वज चढवतात. इंग्लंडच्या एका खेड्यात अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन पाळला जातो, तो निव्वळ या नावाच्या नात्याने.

अबोली

सगळे प्रतिसाद मन लावून वाचले. अमेरिकेतील पुढच्या प्रवासाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते या आडनावाच्या कथेचा सर्वांत मोठा भाग तोच आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य नव्हते. तरीही २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत हे आडनाव लावणारी १,६३,०३६ माणसे होती, आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती. डरहॅमच्या सरदाराचे आडनाव आज बहुतांशी गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांच्या वंशजांकडे आहे.

हे कसे झाले, याचे एकच एक उत्तर देणे बरोबर होणार नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण एवढीच होत असे; नावाचा रकाना त्यांच्यासाठी नव्हता. १८७० च्या जनगणनेत मुक्त झालेल्या सर्वांची नावे आडनावांसह प्रथमच लिहिली गेली. काहींची आडनावे आपापसात आधीपासून चालत आलेली होती, फक्त मालकांनी ती कधी लिहिली नव्हती. काहींनी मुक्तीनंतर नवी निवडली. म्हणून प्रत्येक वॉशिंग्टन कुटुंबाचे पूर्वज त्या घराण्याच्या मळ्यावर होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ माणसे गुलामगिरीत होती, आणि त्यांतील १२३ कायद्याने खुद्द अध्यक्षांच्या मालकीची होती. मृत्युपत्रात त्यांनी या १२३ जणांच्या मुक्तीची तरतूद केली, आणि १ जानेवारी १८०१ रोजी त्यांच्या पत्नीने ती अमलात आणली. आकडेच सांगतात की लाखोंनी असलेले आडनाव एका मळ्यावरून आलेले असू शकत नाही.

त्या मळ्यावरील एका माणसाबद्दल मात्र निश्चित माहिती आहे. हॅरी वॉशिंग्टन हा गांबिया नदीच्या प्रदेशात जन्मलेला, माउंट व्हर्ननवर घोड्यांची देखभाल करणारा. १७७६ मध्ये तो पळून ब्रिटिशांच्या बाजूला गेला, कारण त्यांनी बंडखोरांच्या गुलामांना मुक्तीचे वचन दिले होते. १७८३ मध्ये तो आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये तिथून सिएरा लिओनला गेला. १८०० मध्ये ती वसाहत चालवणाऱ्या कंपनीच्या कारभाराविरुद्ध वसाहतवाल्यांनी उठाव केला, त्यात तो सामील होता आणि त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. मालक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती, आणि त्याच्याच आडनावाचा हा माणूस आपले स्वातंत्र्य मिळवण्यासाठी विरुद्ध बाजूला गेला. डरहॅमच्या गावाचे नाव अशा रीतीने आफ्रिकेच्या किनाऱ्यालाही लागले.

दुसरे उदाहरण पुढे कृष्णवर्णीयांचे शिक्षणतज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आहे. गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा मुक्तीनंतर प्रथमच शाळेत बसला, तेव्हा हजेरीत बाकीच्या मुलांना दोन-दोन नावे असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्याला फक्त ‘बुकर’ एवढेच ठाऊक होते. पाळी येईपर्यंत त्याने विचार केला आणि शिक्षकांनी विचारताच शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगितले. वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव होते. आईने त्याला जन्मतः दुसरेही एक नाव दिले होते, हे त्याला मागाहून कळले, आणि तेव्हा त्याने ते मधले नाव म्हणून स्वीकारले. त्या वर्गातला क्षण मला पुन्हा पुन्हा आठवतो. विल्यमला त्याचे आडनाव एका गावाच्या मालकीने मिळाले. या मुलाकडे जमिनीचा तुकडाही नव्हता, स्वतःच्या अंगावरचा हक्कसुद्धा नुकताच मिळाला होता, आणि त्याने तेच आडनाव स्वतःच्या तोंडाने घेतले.

मैलाचा दगड

एक शंका विचारतो. अमेरिकेच्या ध्वजावरील तारे आणि पट्टे या घराण्याच्या कुलचिन्हावरून घेतले आहेत, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. ते खरे आहे का?

जुनीवाट (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. धाग्याला जे हवे होते ते प्रतिसादांतून आले.

मैलाचा दगड यांच्या शंकेविषयी : कुलचिन्हात पांढऱ्या पृष्ठभागावर दोन आडवे लाल पट्टे आणि त्यांच्यावर तीन लाल तारे आहेत. यॉर्कशायरमधील सेल्बी येथील जुन्या मठाच्या चर्चमध्ये उंचावरच्या एका खिडकीत चौदाव्या शतकातील रंगीत काचेत ते दिसते, आणि सल्ग्रेव्हच्या घराच्या प्रवेशद्वारावरही कोरलेले आहे. साम्य डोळ्यांत भरते, हे खरे. परंतु १७७७ च्या ज्या ठरावाने अमेरिकेचा ध्वज ठरला, त्यात पट्टे आणि ताऱ्यांचे वर्णन फक्त आहे, घराण्याचा उल्लेख नाही. राजधानीच्या ध्वजाची गोष्ट वेगळी आहे. १९३८ मध्ये स्वीकारलेला तो ध्वज म्हणजे हेच कुलचिन्ह, जसेच्या तसे.

शब्दमूळ यांनी मांडलेला दोन रीतींचा भेद मला पूर्ण मान्य आहे, आणि तो लावून पाहिला तर या एकाच घराण्यात दोन्ही रीती दिसतात : विल्यमला नाव गावाचा धनी म्हणून मिळाले, आणि वॉर्टनला गेलेल्या शाखेकडे ते गाव सोडलेल्यांचे नाव म्हणून राहिले. अबोली यांच्या प्रतिसादानंतर तिसरी रीतही मानावी लागेल. स्वतः निवडून घेतलेले आडनाव, ज्यात गावाशी संबंध नाही आणि रक्ताशीही नाही. माझ्या लेखाचे शीर्षक तेवढ्यापुरते अपुरे आहे, हे मी कबूल करतो.

शब्दमूळ

शेवटी दोन बारीक गोष्टी. हर्टबर्न या नावाचा अर्थ ‘हरणाचा ओढा’. ते गाव आज बहुधा स्टॉक्टन शहराच्या उपनगरात हार्टबर्न या नावाने उरले आहे. दुसरे असे की बोल्डन बुकची ११८३ ची मूळ प्रत शिल्लक नाही, आपल्यापर्यंत नंतरच्या नकला आल्या आहेत. त्यामुळे नोंदीतील गावाच्या नावाचे लेखन नकलाकारांच्या काळातले असू शकते, आणि ‘वेसिंग्टन’ हेच बाराव्या शतकातील नेमके रूप होते असे म्हणता येणार नाही.

जुनीवाट (धागालेखक)

अगदी योग्य सूचना. मूळ लेखात त्या नोंदीपुढे ‘नंतरच्या नकलेतील लेखनाप्रमाणे’ असे शब्द आज रात्री जोडतो.